पंडिता रमाबाई : शास्त्र आणि सदसद्विवेक

ज्या थोर व्यक्तींच्या स्मरणाने आपली ज्ञाती स्वतःला धन्य मानते, त्यांच्या मालिकेत पंडिता रमाबाईंचे नाव घेताना पूर्वी अनेक घरांतून आवाज थोडा खाली येत असे. त्यांची विद्वत्ता सर्वांस मान्य होती. विधवांसाठी त्यांनी केलेले कार्य कोणास नाकारता येत नव्हते. परंतु त्यांनी धर्म बदलला, ही गोष्ट कित्येकांच्या मनात काट्यासारखी सलत राहिली. त्यामुळे त्यांच्या चरित्राचा एक अत्यंत उद्बोधक भाग आपल्याकडे फारसा कोणी वाचलाच नाही. ज्यांनी रमाबाईंना स्वधर्म सोडला म्हणून दोष दिला, त्यांना हे ठाऊक नव्हते की नव्या धर्माच्या अधिकाऱ्यांशीही या बाईंनी तितक्याच निर्भयपणे वाद घातला होता. त्या वादाचे मूळ एकच होते. धर्मग्रंथ स्वतः वाचून आणि मनाला पटवून श्रद्धा ठरवावयाची, की वडीलधाऱ्या धर्मसंस्थेने ठरवून दिलेली सूत्रे मान तुकवून स्वीकारावयाची? या प्रश्नाच्या अनुरोधाने त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्यार्थिदशेत पुण्यास असताना त्यांच्या गुरूंकडून पेशव्यांच्या राणीसाहेब संस्कृत शिकत असल्याचे त्यांनी पाहिले होते. स्त्रीच्या मुखातील शुद्ध संस्कृत ऐकून त्यांच्या मनाने घेतले की आपणही आपल्या घरी हेच करावे. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविले. तेव्हा भोवतालचा शास्त्रीवर्ग खवळला, आणि उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. अनंतशास्त्र्यांनी सभेची अवज्ञा केली नाही, पण माघारही घेतली नाही. त्यांनी धर्मग्रंथच उघडले आणि स्त्रीने विद्या शिकू नये असा निषेध शास्त्रात नाही, हे वचनांच्या आधारे दाखवून दिले. शास्त्राविषयी परम आदर बाळगूनही शास्त्र्यांच्या म्हणण्याची शास्त्राशी ताडून परीक्षा करावयाची, हा धडा रमाबाईंना असा जन्मापूर्वीच घरात मिळालेला होता.

लक्ष्मीबाईंनी लहानग्या रमेला पहाटे उठवून मांडीवर घेऊन संस्कृत शिकविले. भागवताचे सहस्रावधी श्लोक तिला मुखोद्गत झाले. पुढे घरची संपत्ती ओसरली आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. १८७४ पासूनच्या दुष्काळात प्रथम वडील, नंतर आई आणि थोरली बहीण ही तिघेही उपासमारीने व आजाराने गेली. व्रते झाली, अनुष्ठाने झाली, दक्षिणा देऊन झाली. घरात अन्न मात्र आले नाही. राहिली ती रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास. दोघे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या.

कलकत्त्यात दोन गोष्टी घडल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने देता यावीत म्हणून रमाबाईंनी धर्मशास्त्रांचा अभ्यास आरंभिला, आणि त्यांच्या ध्यानात आले की हे ग्रंथ इतर बहुतेक गोष्टींत परस्परविरोधी असले तरी स्त्रीला हीन लेखण्यात त्यांचे एकमत आहे. दुसरी गोष्ट अशी की, केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची प्रत देऊन ती वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीने वेद वाचू नयेत हा संस्कार त्यांच्या मनात खोल रुजलेला होता. तो बाजूस सारून त्या वाचू लागल्या. मनातील जुनी श्रद्धा ढळत होती, परंतु तिच्या जागी दुसरे काही दृढ होत नव्हते.

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या वकिलाशी त्यांनी नोंदणीविवाह केला. वर ब्राह्मणेतर, त्यातून प्रांत वेगळा. दोन्हीकडच्या समाजांनी पाठ फिरविली. सिल्चर येथे पतीच्या पुस्तकसंग्रहात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली. ती त्यांनी उत्सुकतेने वाचली. पतीला हे फारसे रुचले नाही. अवघ्या १९ महिन्यांच्या संसारानंतर, १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले, आणि कडेवर मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक तयार झाले पाहिजेत असे आग्रहाने सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन पंथाच्या जोगिणींच्या मठात त्यांची व्यवस्था झाली. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची या भगिनी मायेने शुश्रूषा करीत असल्याचे त्यांनी पाहिले. आपल्याकडे जिला दाराशीही उभे करीत नसत, तिला येथे जवळ घेतले जात होते. या दर्शनाने त्यांचे मन हलले. पुण्यात परिचय झालेले नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, यांच्या पत्राने शंकांचे काही निरसन झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे बहुतेक चरित्रकार प्रकरण संपवितात. वस्तुतः खरे प्रकरण येथूनच सुरू होते.

१८८४ साली रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने वैद्यकाचा विचार सोडावा लागला होता. तेथे त्या संस्कृत शिकवीत आणि इंग्रजी, गणित, शास्त्र शिकत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन वाँटेजला होत्या. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील या विचारी, समंजस बाई होत्या. या दोघींशी रमाबाईंचा जो दीर्घ पत्रव्यवहार झाला, तो सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला, आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. त्यावरून या वादाची साद्यंत कल्पना येते.

अँग्लिकन चर्चमध्ये श्रद्धेची पूर्वापार सूत्रे आहेत; त्यांना मतांगीकार म्हणतात. त्यांतील एक, अथेनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार, तर असे बजावतो की ईश्वराच्या त्र्यैक्याविषयी ही श्रद्धा जो पाळणार नाही त्याचा तरणोपाय नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रीने ही सूत्रे विनाशंक स्वीकारावी, अशी भगिनींची स्वाभाविक अपेक्षा होती. रमाबाईंची भूमिका निराळी होती. त्र्यैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, कुमारीच्या पोटी झालेला त्याचा जन्म या गोष्टी बायबलात कोठे व कशा सांगितल्या आहेत, असे त्या विचारीत. जे ग्रंथात स्पष्ट दिसेल ते मानण्यास त्या सिद्ध होत्या. परंतु केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानण्यास सिद्ध नव्हत्या. आपण ख्रिस्ताचे अनुयायी झालो आहोत, एखाद्या पुरोहितवर्गाची आज्ञा पाळण्याचे वचन आपण दिलेले नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून काढून टाकल्यावर दुसरीचे जू घालून घेण्याची त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

वाद केवळ तत्त्वाचा राहिला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपली संस्कृत भाषा त्याहून कमी पवित्र आहे काय, असे त्यांनी विचारले. मठातही त्यांनी शाकाहार सोडला नाही. पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनी शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा ज्या मुलीने स्वदेशात भरसभांतून पुरुषांपुढे शास्त्रचर्चा केली तिला या निर्बंधाचे आश्चर्य आणि दुःख दोन्ही वाटले. सिस्टर जेराल्डिन यांना या साऱ्यात गर्व दिसला. त्यांच्या दृष्टीने, काल धर्मात आलेल्या कन्येने शतकानुशतकांच्या ज्ञानापुढे नम्र व्हावे, हेच तिच्या हिताचे होते. या म्हणण्यातही तथ्य नव्हते असे नाही. एकट्याने वाचणारा माणूस चुकू शकतो, आणि परंपरा ही अनेकांच्या अनुभवाची ठेव असते. परंतु रमाबाईंनी परंपरेचा तिरस्कार केलाच नाही. त्यांनी तिला प्रश्न विचारले. उडुपीच्या सभेपुढे अनंतशास्त्री जसे ग्रंथ उघडून उभे राहिले, तशीच त्यांची कन्या इंग्लंडमध्ये उभी राहिली.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देणारी संस्था स्थापन झाली. या संस्थेत नाना पंथांचे लोक होते. ख्रिस्ती देशांतही इतके पंथ, इतकी मतांतरे आहेत हे पाहून त्यांच्या मनाचा गोंधळ उडाला होता; तेव्हा कोणत्याही एका पंथाचा शिक्का आपल्या कार्यावर बसू द्यावयाचा नाही, हे त्यांनी ठरविले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले; पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. त्यातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्माची सक्ती नसावी असा नियम होता, आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. रमाबाई आपल्या खोलीत बायबल वाचीत व प्रार्थना करीत. दार मात्र उघडे असे. मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये यावरून मोठे वादळ उठले, सल्लागारांनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला. रमाबाईंचे म्हणणे असे की, दार लावून घेणे हा खोटेपणा झाला असता. पालकांचे म्हणणे असे की, आश्रयास आलेल्या अनाथ मुलीच्या मनावर आश्रयदातीच्या श्रद्धेचा भार पडल्यावाचून राहत नाही. दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत. स्वतःच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य जपणारे पुष्कळ असतात. आपल्या छायेखालील दुर्बलांचे तेच स्वातंत्र्य जपणे फार अवघड असते. या ठिकाणी रमाबाईंचे चरित्र आपणास आदर्शाबरोबर सावधगिरीही शिकविते.

याच सुमारास त्यांच्या अंतरंगात पालट झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही. पुन्हा त्यांनी बायबल हाती घेतले, आणि या वेळी वाचन केवळ बुद्धीचे राहिले नाही. ज्या गोष्टी मतांगीकाराच्या बळावर त्यांनी स्वीकारल्या नव्हत्या, त्यांतील मुख्य गोष्ट, म्हणजे ख्रिस्ताचे देवत्व, आता त्यांनी अनुभवाच्या बळावर मानली. सिस्टर जेराल्डिन यांना जेथे त्यांना पोहोचवावयाचे होते तेथे त्या पुष्कळ अंशी पोहोचल्या, परंतु स्वतःच्या पायांनी चालत.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. उपासमारीने मेलेले आपले आईबाप आणि बहीण त्यांना आठवली असतील. शेकडो मुली त्यांनी केडगावास आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंधांचे शिक्षण अशी कामे तेथे चालत.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी एका कार्यास वाहिली. बायबलाचे तत्पूर्वीचे मराठी भाषांतर सामान्य बाईला कळत नाही, असे त्यांना दिसले. म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असणाऱ्या या पंडितेने बोजड संस्कृत शब्द हेतुपुरस्सर टाळले. जुळारीचे व छपाईचे कामही केडगावच्या स्त्रियांनीच केले. ज्ञानेश्वर-एकनाथांनी गीता आणि भागवत देववाणीतून लोकवाणीत आणले, त्याच मार्गावरचे हे एक पाऊल होय. ग्रंथ स्वतः वाचण्याचा जो हक्क त्यांनी इंग्लंडमध्ये आपल्यासाठी मागितला, तो त्यांनी येथे अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती दिला.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या. एकुलत्या कन्येचा आणि कार्याच्या वारसाचा हा वियोग सोसूनही त्यांनी मुद्रितांचे काम थांबविले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. केडगावचे मुक्तिसदन आजही उभे आहे, आणि १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

रमाबाईंनी काय स्वीकारले, हे आपल्यापैकी प्रत्येकास मान्य होईल असे नाही, आणि व्हावे असेही नाही. परंतु कसे स्वीकारावे, हे त्यांच्यापासून शिकण्यासारखे आहे. आपल्या घरांतून पोथ्या आहेत. त्यांना फुले वाहिली जातात, त्या उघडल्या मात्र क्वचितच जातात. मुलगा किंवा मुलगी शंका विचारू लागली, तर आपण तिला उद्धट म्हणून गप्प बसवितो. अशा वेळी लक्ष्मीबाईंची ती पहाट आठवावी. मांडीवर मूल, समोर ग्रंथ, आणि शिकविणारी आई. त्या मुलीने पुढे दोन धर्मांच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले, परंतु ग्रंथावरचा आदर आणि ईश्वरावरचा विश्वास तिने अखेरपर्यंत सोडला नाही. ज्ञातीने एके काळी जिला अंतर दिले, तिचे हे ऋण आपण आता मोकळ्या मनाने मान्य करावे, एवढीच वाचकांस नम्र विनंती आहे.