जॉन अब्राहम : वर्गणीतून साकारलेला चित्रपट

मल्याळी चित्रपट-दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्या नावावर अवघे चार कथापट आहेत. ३१ मे १९८७ रोजी कोझिकोड येथे इमारतीच्या गच्चीवरून पडून त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती. त्यांची फकिरी वृत्ती, मद्यासक्ती आणि भटकंती यांविषयीच्या आख्यायिका केरळात इतक्या रूढ झाल्या, की त्यांच्या कार्यामागील सुसंगत विचार बराचसा झाकोळून गेला. चित्रपट हा भांडवल गुंतवणाऱ्याचा, दिग्दर्शकाचा, की तो पाहणाऱ्या समाजाचा, हा त्या विचाराचा मुख्य प्रश्न होय.

जॉन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९३७ रोजी केरळातील एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. शिक्षणानंतर त्यांनी आयुर्विमा महामंडळात नोकरी धरली. परंतु ती सोडून ते पुण्याच्या चित्रपट-संस्थेत दाखल झाले. तेथे ऋत्विक घटक यांच्या अल्पकालीन अध्यापनाने एक पिढी घडविली. मणि कौल आणि कुमार शहानी यांच्याबरोबर जॉन यांचीही गणना घटकांच्या शिष्यांत केली जाते. मोहन राकेश यांच्या कथेवर मणि कौल यांनी काढलेल्या 'उसकी रोटी' या चित्रपटासाठी त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. मल्याळम भाषेत त्यांनी लघुकथाही लिहिल्या.

'विद्यार्थिकळे इतिले इतिले' (१९७२) हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यांची खरी ओळख पटली ती मात्र 'अग्रहारत्तिल कळुदै' म्हणजे 'अग्रहारातील गाढव' (१९७७) या तमिळ चित्रपटाने. त्याची पटकथा तमिळ समीक्षक वेंकट स्वामिनाथन यांची होती, आणि नायकाची भूमिका संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांनी केली. पोरके झालेले गाढवाचे पिल्लू एक ब्राह्मण प्राध्यापक आपल्या गावी, अग्रहारात, घेऊन जातो. एक मुकी तरुणी त्याचा सांभाळ करते. गावातील प्रत्येक अमंगळाचा दोष त्या मुक्या जनावरावर येतो, आणि अखेर गावकरी त्याला ठार करतात. मग घडणारे शुभ त्याच्याच कृपेचे मानून तेच गावकरी त्याच्या पूजेला सिद्ध होतात. उपहासातून निघालेली ही कथा अग्नीच्या विध्वंसक दृश्यात संपते. सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळूनही ब्राह्मण समाजातील काही मंडळींच्या विरोधामुळे दूरदर्शनवरील त्याचे ठरलेले प्रक्षेपण रद्द झाले. शासनाने गौरविलेली कृतीही प्रेक्षकापर्यंत पोहोचेलच असे नाही, हे त्यातून उघड झाले.

'चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ' (१९७९) या चित्रपटात विनोदी नट म्हणून लोकप्रिय असलेल्या अडूर भासी यांना त्यांनी भयग्रस्त जमीनदाराची भूमिका दिली. शेतमजुरांवरील पोलिसी हिंसेने त्याचे मन ढासळते आणि शेवटी तो माडाच्या शेंड्यावर आश्रय घेतो. येथे हास्य आणि भय वेगळे काढता येत नाहीत.

१९८४ मध्ये कोझिकोड येथे मित्रांसह त्यांनी 'ओडेसा' ही चळवळ उभारली. आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधील ओडेसाच्या पायऱ्यांची आठवण या नावात आहे. कार्यकर्ते गावोगाव फिरले, चित्रपट दाखविले, पथनाट्ये केली आणि लोकांकडून लहान लहान रकमांची वर्गणी जमविली. तीतून 'अम्म अरियान' म्हणजे 'आईला कळावे म्हणून' (१९८६) हा कृष्णधवल चित्रपट साकारला. तो व्यापारी वितरणाबाहेर राहून लोकांना दाखविण्यात आला.

दिल्लीला निघालेल्या पुरुषन या तरुणाला वाटेत एक प्रेत दिसते. ते हरी या तबलावादकाचे असल्याची ओळख पटते, आणि ही वार्ता त्याच्या आईला कळविण्यासाठी पुरुषन कोचीकडे निघतो. गावागणिक एकेक माणूस त्याला येऊन मिळतो. एकट्याचे दुःख समूहाचे होत जाते. निर्मितीसाठी ओडेसाने जी वाट चोखाळली, तीच वाट कथेचीही रचना ठरली. आर्थिक व्यवस्था आणि कलारूप यांची अशी एकरूपता भारतीय चित्रपटात विरळाच आढळते.

तथापि या प्रयोगाची मर्यादाही स्पष्ट आहे. समूहाच्या नावे उभारलेले हे कार्य पुष्कळ अंशी एका व्यक्तीच्या ओढीवर अवलंबून होते. 'अम्म अरियान'नंतर वर्षभरातच ती व्यक्ती गेली, आणि लोकवर्गणीतून दुसरा कथापट काढणे जॉन यांना साधले नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचा विचार करताना आख्यायिकांतील अवलियापेक्षा प्रेक्षकाच्या दारी झोळी घेऊन गेलेला दिग्दर्शक अधिक महत्त्वाचा मानावा लागतो. त्या झोळीत पैसे टाकणारा मनुष्य तिकीट घेणारा ग्राहक राहिला नव्हता. चित्रपट पूर्ण होण्याआधीच तो त्याचा भागीदार झाला होता.