हातपंप न उखडलेला तारासिंग

टीव्हीवर ‘गदर’ लागला की चॅनल बदलणं अवघडच. पिक्चर २००१चा, पण सनी देओल हातपंप उखडतो तेव्हा आजही शिट्ट्या पडतात. ट्रकवाला तारासिंग फाळणीच्या कत्तलीत सकीनाला वाचवतो, तिच्याशी लग्न करतो आणि ती पाकिस्तानात अडकली की थेट तिकडे घुसून तिला परत आणतो.

ही गोष्ट ढोबळमानानं ज्याच्यावर बेतली, तो माणूस म्हणजे बूटा सिंग. त्याच्या गोष्टीत हातपंप नाही.

बूटा सिंग पूर्व पंजाबातला शीख शेतकरी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून गावी परतलेला. वय वाढलेलं, लग्न राहून गेलेलं. १९४७ साली पंजाबचे दोन तुकडे झाले. माणसं कापली गेली, काफिल्यांतून बायका पळवल्या गेल्या. झैनब ही त्यातलीच एक मुसलमान मुलगी. बूटानं पैसे मोजून तिला घरी आणलं. सोडवलं म्हणायचं की विकत घेतलं? दोन्ही खरंच. पुढे त्यांनी लग्न केलं, लेक झाली. संसार सुखाचा होता, असंच ही गोष्ट सांगणारे सांगतात.

पण दोन्ही देशांनी पळवलेल्या बायका शोधून माघारी पाठवायचं ठरवलं होतं. भारतात त्यासाठी १९४९ साली कायदाच झाला. दंगलींच्या काळात घरच्यांपासून तुटून परधर्मीयाच्या घरात राहिलेली बाई म्हणजे पळवलेली, असा त्याचा सरळ हिशेब. तिला जायचंय की राहायचंय, हे विचारायची सोयच त्यात नव्हती. कित्येकींची त्यामुळे नरकातून सुटका झाली. कित्येकींचं मात्र दुसऱ्यांदा घर मोडलं.

झैनबची खबर कुणीतरी दिली. जमिनीच्या लोभानं बूटाच्या नातेवाइकांनीच दिली, असं म्हणतात. तिला सीमेपलीकडे पाठवलं गेलं. लेक बापाजवळ राहिली.

बूटा गप्प बसला नाही. त्यानं इस्लाम स्वीकारला, जमील अहमद झाला आणि लेकीला घेऊन पाकिस्तान गाठलं. तोवर घरच्यांनी झैनबचं नात्यातल्याच मुलाशी लग्न लावलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. झैनबनं सगळ्यांसमोर बूटासोबत जायला नकार दिला. तिच्यावर घरच्यांचा दबाव होता, असं बहुतेकजण मानतात.

१९५७ साली, लाहोरजवळच्या शाहदरा स्टेशनात बूटानं आयुष्य संपवलं. सोबत असलेली चिमुकली लेक वाचली. लाहोरच्या मियानी साहिब कब्रस्तानात त्याला दफन केलं.

पुढे लोक त्याला ‘शहीद-ए-मोहब्बत’ म्हणू लागले. १९९९मध्ये गुरदास मानला घेऊन याच नावाचा पंजाबी सिनेमाही आला. प्रेमासाठी त्यानं धर्म, गाव, देश सगळं सोडलं, हे खरंच. पण त्याचा शेवट ‘रोमँटिक’ म्हणून मिरवावा असा नाही. त्या क्षणी त्याच्यासोबत एक लहान पोर होती.

आणि झैनब? तिला आधी टोळीनं पळवलं, मग बूटानं विकत घेतलं, मग सरकारनं उचललं, मग घरच्यांनी उजवलं. तिचं मत पहिल्यांदा विचारलं गेलं ते थेट कोर्टात, आणि तेही नातेवाइकांच्या गराड्यात. सकीनाला घ्यायला निदान अख्खा सिनेमा धावून जातो. झैनबच्या मनात काय होतं, हे मात्र आजवर कुठल्याच पडद्यावर आलेलं नाही.