असई नसलेला किताब

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी या गावाजवळ शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेशी एका ब्रिटिश सेनानीची घनघोर लढाई झाली. तो जिंकला, पण त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. त्यांत हिंदी शिपाई मोठ्या संख्येने होते. आर्थर वेलस्ली हे त्याचे नाव. पुढे जगाने त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून ओळखले.

आर्थरचा जन्म १७६९ सालचा, आयर्लंडमधला. वडील अर्ल होते. पण ब्रिटिश रिवाजाप्रमाणे किताब थोरल्या मुलाकडे जातो. तो रिचर्डला मिळाला. धाकट्या आर्थरला लष्कराची वाट धरावी लागली.

ब्रिटिश उमरावांच्या पायऱ्या पाच. बॅरन सर्वांत खालचा. त्यावर व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस आणि सर्वांत वर ड्यूक. ‘ड्यूक’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ सेनानायक. इंग्लंडमध्ये हा किताब प्रथम १३३७ साली राजा तिसरा एडवर्ड याने आपल्या मुलाला दिला.

आर्थर या पाचही पायऱ्या पाच वर्षांच्या आत चढला! १८०९ मध्ये स्पेनमधील तालाव्हेराच्या लढाईनंतर तो बॅरन आणि व्हायकाउंट झाला, १८१२ मध्ये अर्ल व मार्क्विस आणि १८१४ मध्ये ड्यूक. ‘वेलिंग्टन’ हे नावही त्याने स्वतः निवडलेले नाही. तो रणांगणावर असताना भाऊ विल्यम याने घराण्याच्या नावाशी जुळणारे सॉमरसेटमधील हे गाव शोधून काढले. वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव झाला तो त्यानंतर, १८१५ मध्ये.

किताबाने मान मिळतो, लोकांचे प्रेम मिळतेच असे नाही. १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. पुढे संसदेच्या सुधारणांना विरोध केला म्हणून १८३१ मध्ये जमावाने त्याच्या लंडनमधील घराच्या काचा फोडल्या. १८५२ मध्ये तो वारला, तेव्हा मात्र अंत्ययात्रेला सारे लंडन लोटले.

आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले, असे सांगतात. त्याच्या किताबांत पोर्तुगालमधून वाहणारी डूरो नदी आहे, इंग्लंडमधले गाव आहे. असई मात्र कुठेच नाही. आणि तिथे पडलेले शिपाईही नाहीत.