भाऊ दाजींनी सांगायचे राहून गेलेले औषध

भायखळ्याच्या राणीच्या बागेत बोरिवली-मुलुंडहून मुलांना प्राणी दाखवायला आणणारे आईवडील शेजारच्या जुन्या संग्रहालयातही डोकावतात. १९७५ साली या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. माटुंग्यातला एक रस्ताही त्यांच्या नावाचा आहे. पण हे भाऊ दाजी एका गरीब घरातून, दुसऱ्या राजवटीतून मुंबईत आलेले स्थलांतरित होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

सुमारे दोनशे वर्षांपूर्वी गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावी त्यांचा जन्म झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता आणि मुंबई इंग्रजांची. म्हणजे कायदा निराळा, राज्यकर्त्यांची भाषा निराळी. घरची परिस्थिती हलाखीची, पण मुलगा बुद्धिबळात विलक्षण हुशार. ते पाहून एका इंग्रज गृहस्थाने वडिलांना, विठ्ठल लाड यांना, मुलाला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह केला. वडिलांनी मुंबईत बस्तान बसवले आणि भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागले. काठेवाड-कच्छमधील स्त्री-बालहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले आणि त्याच संस्थेत ते शिक्षक झाले.

१८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. हाती असलेली नोकरी सोडून भाऊंनी तिथे प्रवेश घेतला. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून नावाजलेले डॉ. आत्माराम पांडुरंग त्यांचे सहाध्यायी. भाऊंनी बंधू नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना उघडला. नारायण हेही डॉक्टरच. दिवसा रुग्ण, आणि उरलेल्या वेळात प्राचीन शिलालेख, नाणी, संस्कृत पोथ्या. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी पुरस्कार केला. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

त्यांचे वैद्यकातील सर्वांत मोठे काम मात्र कुष्ठरोगावरचे. त्या काळी या रोगाला देवाचा कोप मानत, किंवा तो रक्तातूनच, वंशपरंपरेने येतो असे समजत. रुग्णाला घराबाहेर काढले जाई. पाश्चात्त्य वैद्यकाकडे त्यावर ठोस उपाय नव्हता. भाऊ दाजींनी आपल्याकडच्या जुन्या वैद्यकग्रंथांतील औषधे प्रत्यक्ष रुग्णांवर तपासायला सुरुवात केली. कोकण-गोव्याच्या रानात वाढणाऱ्या कडू कवठाच्या बियांचे तेल त्यांनी वापरले. अनेक रुग्णांना त्याने गुण येतो, असा त्यांचा अनुभव होता. दूरदूरचे रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले.

इथेच एक अवघड प्रश्न उभा राहिला. औषध कोणते, हे त्यांनी जाहीर केले नाही. त्यावर टीका झाली आणि ती गैर नव्हती. दुसऱ्या डॉक्टरला तेच औषध देऊन पाहता आले नाही, तर दावा खरा की खोटा हे ठरवायचे कसे? अर्धवट तपासलेले औषध बाजारात गेले तर भोंदूंचे फावते, हेही तितकेच खरे. पण माणसाच्या आयुष्याला मुदत असते. भाऊ दाजी आजारी पडले आणि ३१ मे १८७४ रोजी त्यांचे निधन झाले. कुष्ठरोगावरचे त्यांचे काम त्यांच्या हातून पूर्णपणे जगापुढे आलेच नाही. त्याच्या एकच वर्ष आधी, १८७३ साली, नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जिवाणू दिसला होता.

त्यांचे औषध म्हणजे कडू कवठाचे तेल, ही नोंद पुढे औषधी वनस्पतींच्या ग्रंथांत आली. त्याच जातकुळीतल्या चौलमुग्रा तेलावर कोलकात्यात डॉ. मोआट यांनी १८५४ सालीच लिहिले होते. हे तेल पोटात घेतले की मळमळ होई, टोचले तर असह्य दुखे. १९१५ च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याचे टोचता येईल असे रूप तयार केले. १९४० च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत जगभर हीच तेले कुष्ठरोगावरचा मुख्य आधार होती. म्हणजे मांद्र्याच्या त्या मुलाची दिशा बरोबर होती.

आज औषधात गुप्त काही उरलेले नाही. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली बहुविध औषधोपचार पद्धती वापरली जाते. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. सहा महिने ते वर्षभराच्या उपचाराने रोग पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाले की रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. तरीही जगातील निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात. मज्जातंतू कायमचे निकामी झाल्यावर रुग्ण येतो, तेव्हा रोग बरा करता येतो, पण वाकडी झालेली बोटे आणि गेलेली संवेदना गोळ्यांनी परत येत नाही.

आता गुप्त ठेवले जाते ते औषध नव्हे, दुखणे. पोटासाठी गाव सोडून आलेला माणूस तर ते हमखास लपवतो. काम जाईल, खोली सोडावी लागेल, ही त्याची भीती असते. ती खोटी नाही, आणि ती घालवणे आपल्याच हाती आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श, ऊन-गार कळत नसेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या किंवा सोसायटीच्या वॉचमनच्या हातावर असा चट्टा दिसला, तर त्यांना कामावरून काढू नका, दवाखान्यात पाठवा. भाऊ दाजींच्या रुग्णांना हा उपचार मिळाला नाही. आपल्या शेजाऱ्याला तो चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो.