डॉ. आनंदीबाई जोशी आणि क्षयरोग : फुप्फुसांत नेमके काय बिघडते?

आनंदीबाईंच्या जिद्दीबद्दल आपण खूप बोलतो, त्यांच्या आजाराबद्दल फारसे नाही.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशींशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्याला योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, या दुःखातून त्यांचा डॉक्टर होण्याचा विचार पक्का झाला. एप्रिल १८८३ मध्ये पतीला मागे ठेवून त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. अशक्तपणा, अधूनमधून ताप आणि धाप हे त्रास त्याआधीच सुरू होते. फिलाडेल्फियाची थंडी आणि परके अन्न यांनी तब्येत आणखी ढासळली, तरी मार्च १८८६ मध्ये त्यांनी महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. निदान क्षयरोगाचे होते.

क्षयात धाप का लागते? आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी बारीक वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे छोट्या फ्लॅटएवढी जागा व्यापतील. प्रत्येक वायुकोशाभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते आणि हवा व रक्त यांच्यामध्ये कागदाहून कितीतरी पातळ पडदा. त्यातून ऑक्सिजन रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. क्षयाचे जंतू वाढतात तिथे सूज येते, वायुकोश भरून जातात, पुढे तो भाग कुजून पोकळी होते. पोकळीत हवा पोचते, पण देवाणघेवाण करणारा पडदाच उरलेला नसतो. सुजलेल्या भागात उलटे घडते : रक्त येते, हवा पोचत नाही. म्हणून छाती जोरात हलूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. आधी जिना चढताना दम लागतो, आजार फार पसरला तर बसल्या जागीही.

रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू मार्च १८८२ मध्ये जाहीर केला होता. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा शत्रू ओळखीचा झाला होता, पण त्यावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ साल उजाडले. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती, पण ती सांभाळण्याची वेळ आलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे गेल्या आणि पोकिप्सी येथे ठेवण्यात आल्या.

आज साध्या क्षयाचा उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसले तर बेडका तपासून घ्यावा. ऊसतोडीसाठी माढा भागात आलेल्या किंवा कुर्डुवाडीहून रेल्वेने पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्या रुग्णांचा उपचार स्थलांतरामुळे तुटू शकतो. तसे जायचे असेल तर आधी दवाखान्यात सांगा, नोंद दुसऱ्या ठिकाणी वर्ग करून औषधे तिथे चालू ठेवता येतात. घरच्या माणसांचीही तपासणी होते. पाच वर्षांखालील मुलाला क्षय नसल्याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध सुरू करतात.