एका गिटारवादकाची शेवटची झोप

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळ रेन्टन नावाचं शहर आहे. तिथल्या ग्रीनवुड दफनभूमीत जगभरातून माणसं येतात, ती जिमी हेन्ड्रिक्सच्या समाधीपाशी. रॉक संगीतातला सर्वांत मोठा गिटारवादक म्हणून आजही अनेक जण त्याचं नाव घेतात. गेला तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ रोजी सिअ‍ॅटलला झाला. घरची गरिबी, आईवडील विभक्त. तो पंधरा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांबरोबर अडगळ उपसताना त्याला एकच तार उरलेलं उकुलेले हे छोटं वाद्य सापडलं आणि तो कानाने सूर शोधू लागला. पुढे गिटार मिळाली. हा डावखुरा, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवायचा. वर्षभर सैन्यात पॅराट्रूपर होता, नंतर बराच काळ इतर गायकांमागे साथ करत राहिला.

सप्टेंबर १९६६ मध्ये तो लंडनला गेला आणि नशीब पालटलं. १९६७ मध्ये माँटेरीच्या महोत्सवात त्याने रंगमंचावर गिटार पेटवली. १९६९ मध्ये वुडस्टॉकला गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. प्रसिद्धीची ही वर्षं जेमतेम चार.

या काळात दौरे, जागरणं, मद्य आणि अमली पदार्थ यांचं चक्रही सुरू होतं. १८ सप्टेंबर १९७० च्या पहाटे लंडनमध्ये मैत्रिणीच्या घरी त्याने तिच्या झोपेच्या गोळ्या घेतल्या, नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. त्या बार्बिट्युरेट गटातल्या होत्या. पोटात दारूही होती. सकाळी तो बेशुद्ध आढळला. रुग्णालयात दुपारी पाऊण वाजता त्याला मृत घोषित करण्यात आलं. त्याने जीव द्यायचं ठरवलं होतं, असा पुरावा न्यायालयीन चौकशीत मिळाला नाही.

शवविच्छेदनातलं कारण होतं, बार्बिट्युरेटच्या गुंगीत उलटी श्वासमार्गात जाणं. इथे थोडं थांबायला हवं. एरवी पाण्याचा थेंब जरी चुकीच्या वाटेने गेला तरी आपल्याला जोराचा ठसका लागतो. झोपेतही हा पहारेकरी जागा असतो. बार्बिट्युरेट आणि दारू दोन्ही मेंदूला मंद करतात, आणि एकत्र आल्या की त्यांचा परिणाम वाढतो. श्वास उथळ होतो, ठसका लागत नाही, जीभ सैल पडून मागे जाते. अशा वेळी उताणं पडलेल्या माणसाला उलटी झाली, की ती थेट फुप्फुसाकडे जाऊ शकते.

आज झोपेसाठी बार्बिट्युरेट सहसा देत नाहीत. त्यांच्या जागी तुलनेने सुरक्षित औषधं आली. पण दारूबरोबर तीही घातकच. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करताना असे रुग्ण मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. पिऊन झोपलाय, घोरतोय, उतरेल सकाळी, असं म्हणून घरच्यांनी रात्र जाऊ दिलेली असते. ते घोरणं नसतं. अडलेल्या श्वासाची ती घरघर असते.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नसेल तर त्याला झोपू देऊ नका, लगेच १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, हनुवटी किंचित वर आणि तोंड जमिनीकडे ठेवा, म्हणजे उलटी बाहेर पडेल. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी काहीही तोंडात घालू नका. त्याच्याजवळच थांबा. आणि दुसऱ्याच्या नावावरची झोपेची गोळी कधीही घेऊ नका.

१ ऑक्टोबर १९७० रोजी जिमीला ग्रीनवुडमध्ये पुरलं. आईची कबरही त्याच दफनभूमीत आहे. २००२ मध्ये तिथेच ग्रॅनाइटच्या घुमटाखाली त्याची नवी समाधी बांधली गेली. त्याला कोणता दुर्धर आजार नव्हता. त्या सकाळी वेळेत मदत मिळती, तर कदाचित ती समाधी इतक्या लवकर बांधावी लागली नसती.