तेहतीस वर्षे बर्फाने जपलेली छायाचित्रे

जुने कपाट आवरताना आजोबांचा कॅमेरा हाती लागतो. त्यात न धुतलेला रोल तसाच अडकलेला असतो आणि त्यातून काही निघेल का, या विचाराने घरातील मंडळी क्षणभर थबकतात. स्वीडनमध्ये १९३० साली अशाच काही रोलांकडे साऱ्या देशाचे डोळे लागले होते. ते टिपणारे निल्स स्ट्रिंडबर्ग तेहतीस वर्षांपूर्वीच कालवश झाले होते.

स्ट्रिंडबर्ग यांचा जन्म ४ सप्टेंबर १८७२ रोजी स्टॉकहोममध्ये झाला. विख्यात नाटककार ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग हे त्यांच्या वडिलांचे चुलतभाऊ. निल्स यांचा ओढा मात्र विज्ञानाकडे होता. भौतिकशास्त्राचा अभ्यास करणारा हा तरुण व्हायोलिन वाजवीत असे आणि छायाचित्रणातही निष्णात होता. अभियंते सॉलोमन आंद्रे यांनी हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुव गाठण्याची योजना मांडली, तेव्हा त्यांनी स्ट्रिंडबर्ग यांना सोबत घेतले. आकाशातून नकाशे तयार करता यावेत, यासाठी सुमारे सात किलो वजनाचा खास कॅमेरा स्ट्रिंडबर्ग यांनी सिद्ध केला.

प्रतिकूल वाऱ्यामुळे १८९६ चा प्रयत्न फसला. फुग्यातून वायू गळत असल्याचे निदर्शनास आणून सहकारी निल्स एकहोल्म यांनी मोहिमेतून अंग काढून घेतले. त्यांच्या जागी क्नुट फ्रेंकेल आले. त्याच वर्षी अॅना शार्लिए हिच्याशी वाङ्‌निश्चय झालेला असूनही स्ट्रिंडबर्ग मागे हटले नाहीत.

११ जुलै १८९७ रोजी स्पिट्सबर्गेनजवळील डेन्स बेटावरून ‘गरुड’ नावाचा तो फुगा झेपावला. दिशा राखण्यासाठी लोंबते सोडलेले दोर उड्डाणाच्या क्षणीच मोठ्या प्रमाणात तुटून पडले. पुढे धुके गोठून फुगा जड झाला आणि १४ जुलैला तो बर्फावर टेकला. ध्रुव अद्याप सुमारे ७९० किलोमीटर दूर होता.

येथून स्ट्रिंडबर्ग यांच्या कॅमेऱ्याचे काम पालटले. नकाशांसाठी घडविलेल्या त्या कॅमेऱ्याने आता आडवा पडलेला फुगा, त्याकडे पाहत उभे असलेले दोन सहकारी, जड घसरगाड्या आणि शिकार केलेले अस्वल टिपले. पायाखालचे हिमखंड वाहत असल्याने तिघे एका दिशेला चालत आणि प्रवाह त्यांना दुसरीकडे नेई. त्या वाटचालीतच स्ट्रिंडबर्ग यांनी पंचविसावा वाढदिवस साजरा केला. जवळ जपून ठेवलेली अॅनाची व घरच्यांची पत्रे आंद्रे यांनी त्या सकाळी त्यांच्या हाती दिली.

ऑक्टोबरच्या आरंभी तिघे क्विटोया या निर्जन बेटावर पोहोचले. काही दिवसांतच रोजनिशी थांबली. प्रथम स्ट्रिंडबर्ग गेले असावेत, कारण त्यांना खडकाच्या कपारीत पुरण्यासाठी मागे कोणीतरी उरले होते. मृत्यूच्या कारणाबाबत अभ्यासकांत आजही एकमत नाही.

ऑगस्ट १९३० मध्ये एका नॉर्वेजियन मोहिमेला त्यांचा तळ सापडला. पुढील शोधात आणखी अवशेष हाती आले. एकूण पाच वापरलेले रोल मिळाले. त्यांतील एक कॅमेऱ्यातच होता. ओलाव्याने फिल्म खराब झाली होती. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील जॉन हर्ट्झबर्ग यांनी अतिशय जपून ती धुतली. सुमारे २४० छायाचित्रांपैकी ९३ वाचली. डाग आणि चरे पडलेल्या त्या चित्रांतून पांढऱ्या वाळवंटातील माणसे पुन्हा दिसू लागली. ही चित्रे नसती, तर केवळ रोजनिशीतील शब्दांवरच जगाला समाधान मानावे लागले असते.

अॅनाने दरम्यान एका इंग्रज गृहस्थाशी विवाह केला होता. १९४९ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या इच्छेनुसार तिचे हृदय स्टॉकहोममध्ये स्ट्रिंडबर्ग यांच्या रक्षेशेजारी ठेवण्यात आले. ज्यांनी ती छायाचित्रे टिपली, त्यांना मात्र त्यांतील एकही कधी पाहता आले नाही.